ग्रिम्सबीचा कासार

माझे आजोबा फलटणच्या आठवडी बाजारात बांगड्या भरायचे.
हात हातात घेत, अंगठ्याचं मूळ दाबून बघत
आणि सांगत : सव्वादोन.
टेप नव्हती, पट्टी नव्हती,
बदलून मागायला परत आलेली बाई नव्हती.

मी ग्रिम्सबीत, गोदीमागच्या मासळीच्या शीतगृहात
केबलांना कडी भरतो.
उघडतं-मिटतं असं कडं. करंट आतून जातो,
कड्याला शिवत नाही, तरी कडं जाणतं
किती गेला.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात आमच्यात.
इथं कांकणालाच आरसा लागतो. त्याला मीटर म्हणतात.

बेव्हर्ली थॉर्लीचं म्हणणं, एकाच मापाची घेऊ सगळी,
सहाशेची, घाऊक स्वस्त पडतील.
मी म्हटलं, मेनला सहाशेचं ठीक.
कॉम्प्रेसरला दोनशे.
मागच्या जुन्या कचेरीच्या तारेला पंचवीसचं बस झालं.
मोठ्या कड्यात बारका करंट म्हणजे
पैलवानाच्या अंगरख्यात तान्हं पोर,
आहे की नाही, कळत नाही.
हे मीच म्हटलं. लक्षात ठेवा.

रविवारी मेन बंद. हंबरवरून येणारा वारा,
बोटांना धुरावलेल्या हॅडॉकचा वास.
कड्याच्या दोन्ही ओठांवरची धूळ रुमालानं पुसली;
केसाएवढी फट राहिली तरी माप खोटं.
बाण लोडकडे.
मेनच्या कड्याच्या शेपटांना आधी पूल जोडून ठेवला,
भरल्या तारेवर ती शेपटं मोकळी राहिली
तर कडं डूख धरतं.

मेन चालू झाली, कचेरीतला दिवा लावला,
मीटर शून्य.
कॅलम, माझ्यासोबतचा पोरगा, त्यानं दोन्ही तारा
एकाच कड्यात ओवल्या होत्या, जाणारी आणि येणारी.
जाणं-येणं एकाच कड्यात आलं की हिशोब फिटतो, बाळा.
एक बाहेर काढ.
त्यानं काढली. कान लाल झाले त्याचे.

आठवड्यानं आलेख पाहिला. एकट्यानं.
रात्री पावणेदोन ते पाच, रोज,
चार पॉइंट तीन ॲम्पिअर,
त्या कचेरीत, जिथं कुणी बसत नाही.

रात्री गेलो.
एका दांडीचा हीटर, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले मोजे,
आणि सफाईच्या पाळीवरचा युओझास, तीन खुर्च्या जोडून झोपलेला.
पाळी दीडला सुटते. पहिली बस सव्वापाचला.
मधली रात्र त्यानं ठेवायची कुठं?
दचकून उठला, म्हणाला, थोडीशीच जाळतो.
किती, ते मला दशांशापर्यंत ठाऊक होतं.

सहाशेच्या कड्याला हे दिसलंच नसतं,
पोत्यातला दाणा.
अचूकपणा माझा, म्हणून चहाडीही माझीच.

रबरी हातमोजे चढवले. पॅनेल उघडलं, कडं उघडलं,
बाहेर राहिलेली तार आत घेतली.
टक्. मिटलं.

आजोबा डझनावर एक जास्त भरायचे.
तिचे पैसे कुणी विचारले की
ऐकू न आल्यासारखं करायचे.
कान तिखट होते त्यांचे.

सोमवारी बेव्हर्लीनं पडद्यावर बोट ठेवलं :
जुनी कचेरी शून्य?
शून्य.
आणि मागच्या आठवड्यातले हे डोंगर?
तो आठवडा चाचणीचा, तो धरत नाहीत.
ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग तिथलं कडं काढून दुसरीकडे लावू या का,
वाया कशाला?

याचा विचार मी केलाच नव्हता.
राहू द्या, मी म्हटलं.
मापात बसलंय.